घळीच्या तोंडावरचे झाड न तोडण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय वनाधिकारी साहेब,
वन आरोग्य सुधार कक्ष,
पहिला मजला, जिन्यालगत.

विषय : घळीच्या तोंडावर उरलेले एकमेव झाड 'रोगी' ठरवून येत्या सोमवारी तोडण्याचा हुकूम रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज. २) आपले उत्तर (प्रत्येक अर्जाला तेच आले, म्हणून एकदाच नमूद करते). ३) सोबत जोडलेला दगड.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका असून माझी सारी नोकरी जखमांच्या कक्षात गेली. पू, सडलेले मांस, आठवडाभर न बदललेल्या पट्ट्या, हे सगळे मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यानंतर हात धुऊन शांतपणे डबा खाल्ला. किळस करत बसायला आम्हांला तिथे सवड नसे. ती मला पहिल्यांदा आली निवृत्तीनंतर, आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसल्यावर. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढील मजकुरात भाषा कुठे तिखट झाली तर आपणांस कारण शोधावे लागणार नाही.

२. आमचे घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे. घराच्या मागच्या भिंतीपासून डोंगराचा चढ सुरू होतो. वर कडा आहे, कड्याचा दगड ठिसूळ आहे, आणि कड्यापासून खाली एक घळ उतरते. कड्यावरून जे काही सुटते ते इकडेतिकडे न जाता त्या घळीतूनच खाली येते, आणि घळीचे तोंड बरोबर आमच्या मागच्या खोलीकडे आहे. या तोंडावर जुन्या झाडांची दाट राई होती. होती, असे लिहावे लागते आहे. या राईतील झाडांच्या बुंध्यांवर जखमा होत्या आणि त्या सगळ्या वरच्या, म्हणजे डोंगराच्या बाजूला होत्या. खालच्या बाजूने पाहिले तर तीच झाडे धडधाकट दिसत. याचे कारण समजायला पदवी लागत नाही. वरून दगड येत, झाडे ते अंगावर घेत, आणि आम्ही खाली भाकरी थापत असू.

आता डोंगराच्या बाकीच्या अंगाचेही सांगते, कारण आपल्या मोजणीच्या तक्त्यात सगळा डोंगर एकाच रांगेत बसवला आहे. खिंडीतल्या झाडांचे शेंडे मोडलेले असतात, कारण वारा तिथूनच घुसतो. खालच्या खोलगट जागेत पाणी साचते, तिथल्या झाडांची मुळे कुजतात. रस्त्याकडेच्या झाडांना गाड्या घासतात आणि त्यांच्या पानांवर वर्षभर धूळ असते. आणि आपल्या कार्यालयामागे, सपाट जमिनीवर जी झाडे आहेत त्यांना ओरखडादेखील नाही, कारण तिथे त्यांच्या वाट्याला काही येतच नाही. त्या झाडांना 'उत्कृष्ट' शेरा आहे. त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. त्यांनी काही केलेले नाही.

३. मागील वर्षी आपल्या कक्षातर्फे वन आरोग्य मोजणी झाली. मोजणीप्रमुख (गल्लीत त्यांना टोपीवाले साहेब म्हणतात, मीही तसेच लिहीन) दोन मदतनीस व लाल रंगाचा डबा घेऊन आले. जखम दिसेल त्या झाडावर लाल पट्टा ओढायचा आणि पट्टा ओढलेले झाड तोडायचे, अशी योजना असल्याचे आम्हांला नंतर कळले. रोगी झाडे काढली की उरलेले जंगल आपोआप निरोगी ठरते, असा तो हिशेब. साहेब, याच पद्धतीने मी माझा कक्ष चालवला असता तर सकाळच्या फेरीला पट्टी बांधलेले सगळे रुग्ण जिन्यावरून खाली लोटले असते आणि दुपारी फळ्यावर लिहिले असते की आज कक्षात एकही जखमी नाही. मला त्याबद्दल बक्षिसाची ढाल मिळाली नसती. तुरुंग मिळाला असता, आणि तो योग्य झाला असता.

टोपीवाल्या साहेबांना घळीच्या तोंडावरची जखमी झाडे फार लवकर सापडली. एवढ्या दाटीत, तीही वरच्या बाजूची प्रत्येक जखम त्यांना कशी सापडली, याचा खुलासा पुढील परिच्छेदात आहे.

४. हा परिच्छेद यजमानांच्या सांगण्यावरून गाळला आहे.

५. घळीच्या अगदी तोंडाशी, सगळ्यांत खाली, जे जाडजूड झाड आहे त्यावर त्या दिवशी पट्टा ओढला गेला नाही. त्याला जखमा नव्हत्या म्हणून नव्हे. डब्यातला रंग संपला होता. मदतनीस म्हणाला, "राहू द्या साहेब, एकाने काय होतंय?" आणि सगळे चहाला निघून गेले. माझ्या घराचे आणि माणसाचे रक्षण आजवर आपल्या खात्याने केले असेल तर ते या एका वाक्याने, आणि तेही चहाच्या घाईत.

६. तोड सुरू होण्याआधी मी अर्ज केला. उत्तर आले की 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे'. मी भावना कळवल्याच नव्हत्या. उतार, घळ आणि भिंत कळवली होती. दुसरा अर्ज केला, पुन्हा माझ्या भावनांची नोंद झाली. मग मी स्वतः कार्यालयात आले.

त्या भेटीचे वर्णन करणे मला जड जाते, तरी करते. बाकाच्या पाठीला मागल्या लोकांच्या डोक्याचे तेल लागून काळा थर धरला आहे. मोठे बाबू ज्या टाचणीने कागद टोचतात त्याच टाचणीने दात कोरतात, टाचणीकडे बघतात, आणि मग तीच माझ्या अर्जाला लावतात. त्यांच्या टेबलावरच्या पेल्यात दुधाची साय वाळून भिंतीसारखी उभी राहिली होती आणि तिच्यात एक माशी होती. मी पेला उचलून खिडकीत ठेवला, तर मला सांगण्यात आले की कार्यालयीन वस्तूंना हात लावू नये. मी विचारले, झाडे कुणाची? ते म्हणाले, झाडे कक्षाची. मी विचारले, आणि झाडांनी अडवलेले दगड? ते म्हणाले, दगड खनिज खात्याकडे. मी विचारले, आणि दगडाखाली सापडलेली माणसे? त्यांनी टाचणी खाली ठेवली आणि माझ्याकडे खरोखर विचारपूर्वक पाहिले. "बाई, ते तर तुमच्याच रुग्णालयाकडे की!" खोलीतले सगळे हसले. साहेब, मी आयुष्यभर घाण उपसली, पण अंगावर घाण उडाल्यासारखे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. घरी जाऊन मी कोपरापर्यंत हात धुतले.

७. टोपीवाले साहेब अडाणी आहेत असा माझा समज होता. तो चुकीचा होता आणि मी तो मागे घेते. ते मला जिन्यात भेटले तेव्हा मी कागदावर उतार काढून दाखवू लागले, तर त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन माझेच चित्र सुधारले. घळीतला दगड किती वेगाने येतो, उताराचा कोन बदलला की जखम बुंध्यावर वर की खाली बसते, झाडांची रांग किती खोल असली की दगड थकतो, हे त्यांनी भराभर समजावले. डोळे चमकत होते त्यांचे. त्यांची पदवीच या विषयावर आहे: डोंगराच्या ठेवणीचा झाडांच्या जखमांशी काय संबंध. मी म्हणाले, मग पट्टे का ओढलेत? त्यांनी पेन्सिल माझ्या हातात परत दिली. "तक्त्यात उताराचा रकाना नाही हो, मावशी. मी काय करू?"

न कळणाऱ्याचा मला कधी राग येत नाही. रुग्णालयात रोज अशी माणसे येत, आम्ही त्यांना समजावत असू. पण सगळे कळते आणि तरी हात लाल रंगात बुडवतो, अशा माणसाचा मला वीट येतो. मला मावशी म्हणाले, हे त्याहून वाईट. माझ्या भाच्यांनी असे केले असते तर मी त्यांना जेवायला वाढले नसते.

८. यथावकाश तोड झाली. चार दिवस करवतींचा आवाज आणि भुशाचा धुरळा घरात होता, अंथरुणातसुद्धा. नंतर एक गंमत घडली, ती आपणांस ठाऊक आहेच. वखारवाल्यांनी आमच्या राईतले ओंडके चिरायला घेतले आणि त्यांच्या करवतीची पाती एकामागून एक तुटली. जुन्या जखमा बुजताना झाडांनी दगडाचे तुकडे पोटात घेतले होते. वखारवाल्यांनी तक्रार करताच कक्षाचा माणूस दुसऱ्या दिवशी तिथे हजर झाला, दिलगिरी व्यक्त झाली, नवी पाती मिळाली. म्हणजे झाडांत दगड होते हे आपल्या कार्यालयाने लेखी मान्य केले आहे. फक्त ते दगड तिथे कशाला गेले होते, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

त्यानंतर कक्षाला सर्वांत निरोगी जंगलाची ढाल मिळाली. ती आपल्या खुर्चीमागे भिंतीवर आहे. मी ती पाहिली आहे. तिच्यावर एक पान कोरलेले आहे, आणि पानाला एकही भोक नाही.

९. आता मुख्य घटना. मागील रविवारी सकाळी मी ओट्याशी भांडी विसळत होते. ऊन पडले होते, पाऊस नव्हता, वारा नव्हता. वरून एक खडखडाट आला, जो मला चांगला ओळखीचा आहे. पूर्वी तो राईत शिरला की तुकड्यातुकड्यांत विझत असे, ठक, ठक, मग पाला सळसळायचा आणि संपायचे. या वेळी तो विझला नाही, वाढत आला. मग एकच दणका झाला, त्या शेवटच्या झाडाचा. आणि लगेच दुसरा, आमच्या भिंतीचा.

मागच्या खोलीत यजमान खाटेवर आडवे होते. दगड भिंत फोडून आत आला आणि खाटेच्या पायाशी थांबला. भिंतीच्या विटा त्यांच्या डाव्या पायावर पडल्या. नडगीचे हाड मोडले आहे. मी फळी बांधून पाय स्थिर केला, गल्लीतल्या धोब्याच्या हातगाडीवरून त्यांना रुग्णालयात नेले, आणि माझ्याच जुन्या कक्षात मी पहिल्यांदा नातेवाईक म्हणून बाहेर उभी राहिले. प्लास्टर घातले आहे. तेथील डॉक्टर म्हणाले, सरळ आला असता तर आपण आज हे बोलत नसतो. तो सरळ आला नाही, कारण झाडाने तो छातीवर घेतला आणि अर्धा वळवला. झाडाची साल माणसाच्या हाताएवढी सोलली गेली आहे, आतले पांढरे दिसते.

१०. पंचनाम्यासाठी आपली माणसे मंगळवारी आली. मी त्यांना भिंत दाखवली, खाट दाखवली, दगड दाखवला. त्यांनी बूट न काढता सगळे पाहिले आणि बिछान्यावर मोजायची टेप ठेवली. मग ते मागे झाडाकडे गेले. मला वाटले, निदान आता तरी. टोपीवाले साहेब बराच वेळ झाडासमोर उभे होते. त्यांनी जखमेवर हात ठेवला, हेही मी पाहिले. नंतर मदतनिसाने नवा डबा उघडला, 'ताजी जखम, वरची बाजू, छातीच्या उंचीवर' असे लिहून घेतले आणि झाडाला लाल पट्टा ओढला. तोड सोमवारी. जाताना आम्हांला सूचना दिली की घर 'बाधित' असल्याने ते रिकामे करावे. कुठे जावे ते सांगितले नाही. रंगाचा एक ओघळ आमच्या पायरीवर पडला आहे, तो घासूनही जात नाही.

११. (परिच्छेद ४, पुन्हा.) यजमान औषधाने झोपले आहेत, तेव्हा गाळलेले लिहून टाकते.

माझे यजमान गवंडी होते. आयुष्यभर भिंती बांधल्या, आणि भिंत म्हणजे काय हे कळणाऱ्या माणसाला ती राई काय आहे हेही कळत होते. प्रत्येक जखम कुठल्या दगडाची, हे त्यांच्या तोंडपाठ होते. हा आपल्या लग्नाच्या वर्षीचा, हा मुलगी झाली त्या आठवड्यातला. पाहुणे आले की आधी राई दाखवत, मग चहा. मोजणीवाले आले तेव्हा त्यांना कोण आनंद! एवढी मोठी माणसे आपल्या झाडांच्या जखमा लिहून घ्यायला आली, म्हणजे झाडांचा मान होणार, असे त्यांना वाटले. ते स्वतः काठी टेकत पुढे झाले, वरच्या अंगाने फिरले, फांद्या बाजूला करून एकूणएक जखम त्यांनी बोट ठेवून दाखवली. ते बोट ठेवत आणि मागून पट्टा पडे. संध्याकाळी घरात शिरले ते हसतच. "सगळ्यांना पट्टा मिळाला गं! एकच राहिलं बिचारं, रंग संपला. उद्या मी सांगतो त्यांना."

टोपीवाल्या साहेबांनी त्यांना त्या दिवशी एक शब्दही सांगितला नाही. उलट, जाताना पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आजोबा, तुमच्यामुळे आमचं काम सोपं झालं." माझे अर्ज मी त्यांच्यापासून लपवले होते, म्हणून करवती लागल्या तेव्हाच यजमानांना समजले. ते ओरडले नाहीत, आडवे गेले नाहीत. घरात आले, पुढच्या खोलीतली आपली खाट एकट्याने ओढत मागच्या खोलीत नेली, आणि भिंतीला, डोंगराच्या बाजूला लावली. त्यानंतर ते फारसे बोलत नाहीत. मी रागावले, रडले, मुलीला बोलावून घेतले. तिने पाया पडून विनवले, "बाबा, माझ्याकडे चला." ते नुसती नकाराची मान हलवत.

रुग्णालयातून आणल्यावर मी त्यांना पुढच्या खोलीत झोपवले. पाणी आणायला आत गेले तेवढ्यात, प्लास्टरसकट, भिंतीला धरून धरून, ते पुन्हा मागे गेलेले. फुटक्या भिंतीला त्यांनी ताडपत्री लावली होती आणि तिच्याकडे तोंड करून खाटेवर बसले होते. मी वैतागून म्हणाले, "मरायचंय का तुम्हांला? सरका ना जरा!" तेव्हा ते कितीतरी महिन्यांनी पुरते एक वाक्य बोलले.

"मी सरकलो, तर मागं तू आहेस."

तरी सबब नम्र विनंती की,

(अ) घळीच्या तोंडावरील झाडाची सोमवारची तोड रद्द करावी. ते रोगी नाही. जखम मी तपासली आहे. कडा स्वच्छ आहेत, कीड नाही, पाझर नाही. वेळ दिला तर भरेल.

(आ) तक्त्यात उताराचा रकाना घालावा, आणि 'झाडाच्या खाली काय आहे' असा आणखी एक. टोपीवाल्या साहेबांना तो भरता येतो. फक्त कुणीतरी आखून द्यायला हवा.

(इ) तोडलेल्या राईच्या जागी नवी झाडे लावावीत, आणि ती मोठी होईपर्यंत घळीत जाळी बांधावी.

(ई) यांपैकी काहीच जमत नसेल, तर सोमवारी तोडीच्या माणसांबरोबर रंगाचा डबा जरूर पाठवावा. झाडाचे काम झाले की पुढे घरात यावे, दार उघडे असेल. मागच्या खोलीत माझे यजमान आहेत. जखम ताजी आहे. डोंगराच्या बाजूला आहे. त्यांच्यामागे मी आहे. आपल्या नियमात ते पुरेपूर बसतात, आणि या वेळी जखम दाखवायला ते पुढे येणार नाहीत, मीच दाखवीन.

आपल्या कार्यालयाकडून पुन्हा माझ्या भावनांची नोंद होऊ नये, एवढी खबरदारी घ्यावी.

आपली नम्र,
(सही)
निवृत्त परिचारिका,
गल्लीच्या टोकाचे घर, मागची भिंत नसलेले

दिनांक : तोडीच्या आधीचा शुक्रवार

सोबत :
१) यजमानांच्या पायाच्या क्ष-किरण चित्राची प्रत.
२) झाडाच्या सालीचा सुटलेला तुकडा, आतून ओला.
३) दगड, एक. धोब्याच्या हातगाडीवरून आणला आहे. मोठ्या बाबूंनी पोच द्यावी. ते खनिज खात्याकडे बोट दाखवतील तर दगड आपल्या कक्षाच्या दारातच ठेवून मी घरी जाईन, यजमानांना औषध द्यायची वेळ होते. काळजी नसावी. आपल्याकडे जमीन सपाट आहे, तो कुणाच्याही अंगावर जाणार नाही.